मेसेज क्यू: बनवायची कशी, तपासायची कशी, आवरायची कशी

कापसाचा हंगाम सुरू झाला की जळगाव-धुळ्याकडच्या जिनिंगांच्या दारात पिकअप आणि ट्रॅक्टर ओळीने उभे राहतात. भुईकाट्याच्या खोलीत एखादा साधा कॉम्प्युटर असतो आणि त्याच्याकडे तीन कामं असतात: काट्याच्या इंडिकेटरवरून वजन वाचायचं, ते डेटाबेसमध्ये नोंदवायचं आणि पावती छापायची. ही तिन्ही एकाच प्रोग्राममध्ये कोंबली, तर प्रिंटरचा कागद संपला की वजनही थांबतं. म्हणून ती वेगवेगळ्या प्रोसेसकडे सोपवलेली बरी. प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्राम. प्रत्येकीची मेमरी स्वतंत्र, एकीला दुसरीच्या मेमरीत डोकावता येत नाही. मग ‘या गाडीची पावती काढ’ हा निरोप वजनाच्या प्रोसेसने छपाईच्या प्रोसेसपर्यंत पोचवायचा कसा? लिनक्समध्ये याचा जुना आणि अजूनही उपयोगी मार्ग म्हणजे मेसेज क्यू. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच्या मेमरीत एक रांग ठेवतो. एक प्रोसेस तिच्यात निरोप टाकते, दुसरी काढून घेते.

रांग बनवून निरोप पाठवणं अवघड नाही, कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये तेवढं होतंच. अडचण पुढे येते, कारण प्रोसेस मेली तरी रांग मरत नाही. बनवणारा प्रोग्राम बंद करा किंवा तो क्रॅश होऊ द्या, रांग आतल्या निरोपांसकट तशीच राहते. कोणी मुद्दाम काढली किंवा मशीन रीस्टार्ट झालं, तरच ती जाते. त्यामुळे इथे कोडपेक्षा देखभालीबद्दल जास्त लिहिलं आहे.

एक सूचना: कमांड आणि फंक्शनची नावं खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची. अक्षर मोठं हवं असेल तिथे तसं सांगितलं आहे; ‘आयपीसी_’ने सुरू होणारी नावं आणि एररची नावं मात्र पूर्ण मोठ्या अक्षरांत.

पायरी १: कोड न लिहिता रांग हाताळून पाहा

उबुंटू किंवा कुठलंही लिनक्स चालेल. टर्मिनल उघडा आणि ‘आयपीसीएमके -क्यू’ ही कमांड द्या. यातला क्यू मोठ्या अक्षरात. नवी रांग बनते आणि तिचा आयडी क्रमांक स्क्रीनवर येतो. आता ‘आयपीसीएस -क्यू’ द्या, इथे क्यू लहान. तक्ता दिसेल. त्यात रांगेची की (प्रोग्राम ज्यावरून रांग शोधतात तो आकडा), आयडी, मालक, परवानग्या, वापरलेले बाइट आणि थांबलेल्या निरोपांची संख्या असते. शेवटचे दोन रकाने ओळखीचे करून घ्या, पुढे रोजचं काम त्यांच्याशीच आहे. टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा आणि तक्ता परत बघा, रांग जागेवरच असेल. शेवटी ‘आयपीसीआरएम -क्यू’ आणि पुढे आयडी देऊन ती काढून टाका. आयडीऐवजी कीने काढायची असेल तर मोठा क्यू.

पायरी २: कोणत्या जातीची रांग हवी ते ठरवा

लिनक्समध्ये दोन प्रकार आहेत. सिस्टिम फाइव्ह हा जुना. त्यात एमएसजीगेट, एमएसजीएसएनडी, एमएसजीआरसीव्ही आणि एमएसजीसीटीएल अशी चार फंक्शनं: उघडणं, टाकणं, काढणं, सांभाळणं. दुसरा पोझिक्स, लिनक्स कर्नलमध्ये २.६.६ या आवृत्तीपासून. त्यात रांगेला तिरप्या रेघेने सुरू होणारं नाव असतं, उदाहरणार्थ ‘/पावती’. प्रत्येक निरोपाला प्राधान्याचा आकडा देता येतो आणि लिनक्सवर ही रांग पोल किंवा ईपोल या अनेक फाइलींवर एकदम लक्ष ठेवणाऱ्या फंक्शनांनी इतर फाइलींसोबत ऐकता येते. नवीन काम सुरू करत असाल तर माझं मत पोझिक्सकडे झुकतं. पण बाहेर जो जुना कोड चालू आहे, त्यात सिस्टिम फाइव्ह पदोपदी भेटतो आणि घोळही तिथेच जास्त होतात. म्हणून पुढचं बहुतेक विवेचन त्याचं आहे.

दोन्ही प्रकार एकाच मशीनपुरते. काटा बोदवडला आणि हिशोबाचा सर्व्हर जळगावला असेल, तर रॅबिटएमक्यूसारखं नेटवर्कवरून निरोप पोचवणारं काहीतरी लागेल, तो वेगळा विषय.

पायरी ३: की नीट निवडा

दोन प्रोसेसना एकच रांग सापडावी म्हणून दोघींनी एमएसजीगेटला सारखी की द्यायची असते. पुस्तकांत त्यासाठी एफटोक हे फंक्शन सांगतात: एखाद्या फाइलचा पत्ता आणि एक लहान आकडा द्या, ते की बनवून देतं. यात एक खोच आहे. एफटोक फाइलचं नाव किंवा मजकूर पाहत नाही, तिचा आयनोड क्रमांक, म्हणजे फाइलसिस्टिमने तिला दिलेला आतला क्रमांक, पाहतं. तुम्ही सेटिंगची फाइल एफटोकला दिली आणि कोणीतरी ती एडिटरमध्ये उघडून सेव्ह केली, तर बरेच एडिटर नवी फाइल लिहून तिला जुनीचं नाव देतात. नाव तेच, आयनोड नवा. आता जी प्रोसेस नंतर सुरू होईल तिला वेगळी की मिळते आणि वेगळीच रांग. एक टाकते इकडे, दुसरी वाट बघते तिकडे, एररचा पत्ता नाही. आणि काट्यावरून फोन येतो, "भाऊ, पावती निंघी नही राह्यनी."

तेव्हा ज्या फाइलला कोणी हात लावणार नाही अशी एक रिकामी फाइल फक्त यासाठी ठेवा, नाहीतर सरळ एक ठरलेला आकडा की म्हणून दोन्ही प्रोग्राममध्ये लिहा. मी दुसरा मार्ग घेतो.

रांग बनवताना परवानगीही द्यावी लागते. ०६६६, म्हणजे सगळ्यांना वाचा-लिहायची मुभा, देऊन मोकळं होण्याची सवय वाईट. दोन्ही प्रोसेस एकाच युझरच्या असतील तर ०६००, एका ग्रुपच्या असतील तर ०६६० पुरेसं.

पायरी ४: निरोपाचा आराखडा

सिस्टिम फाइव्हमध्ये निरोपाच्या सुरुवातीला सी भाषेतल्या लाँग प्रकारचा एक आकडा असतो, निरोपाचा टाइप. तो शून्यापेक्षा मोठाच हवा. त्यानंतर तुमची माहिती. पाठवताना जी लांबी सांगायची ती फक्त माहितीची, टाइप सोडून. अख्ख्या स्ट्रक्चरची लांबी देणारे अनेक जण असतात आणि बऱ्याचदा ते चालूनही जातं. फक्त मागचे काही बाइट कचऱ्याचे जातात. म्हणून ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. माहितीत पॉइंटर ठेवू नका. एका प्रोसेसचा मेमरीतला पत्ता दुसरीला निरुपयोगी आहे. गाडी नंबर, शेतकऱ्याचा खाते क्रमांक, वजन, सगळं प्रत्यक्ष निरोपात लिहा, किंवा फक्त नोंदीचा क्रमांक पाठवा आणि बाकीचं डेटाबेसमधून वाचू द्या.

टाइपचा उपयोग लोक करत नाहीत, खरं तर तो या प्रकारातला सगळ्यात कामाचा भाग आहे. काट्यावर गाडी दोनदा येते: आधी भरलेली, मग कापूस खाली करून रिकामी. दुसऱ्या वजनानंतर शेतकरी निव्वळ वजनाच्या पावतीसाठी उभा असतो, पहिल्या चिठ्ठीची तेवढी घाई नसते. तेव्हा रिकाम्या गाडीच्या निरोपाला टाइप १ आणि भरलेल्या गाडीच्या निरोपाला टाइप २ द्या. छपाईच्या प्रोसेसने एमएसजीआरसीव्हीला टाइप म्हणून उणे २ दिलं, तर २ किंवा त्याहून लहान टाइपांपैकी सर्वांत लहान टाइपाचा निरोप आधी मिळतो. शून्य दिलं तर आलेल्या क्रमाने, अधिक आकडा दिला तर नेमका तोच टाइप. रांग एकच, तरी घाईचं काम पुढे.

पायरी ५: रांग भरली तर काय, हे आधीच ठरवा

इथे थोडं थांबा, कारण ऐन हंगामात काटा अडतो तो या कारणाने. लिनक्सवर नेहमीच्या मर्यादा अशा: एक निरोप जास्तीत जास्त ८१९२ बाइट, एका रांगेत सगळे निरोप मिळून १६३८४ बाइट, आणि पूर्ण सिस्टिममध्ये ३२००० रांगा. तुमच्या मशीनवरचे आकडे ‘आयपीसीएस -एल’ दाखवते.

समजा, आपला निरोप २०० बाइटचा आहे. १६३८४ मध्ये असे ८१ मावतात. प्रिंटर अडकला, छपाईची प्रोसेस थांबली आणि काट्यावर गाड्या येतच राहिल्या, तर ८१ निरोप गुपचूप साठतील. ८२ वा टाकताना वजनाची प्रोसेस एमएसजीएसएनडीवर थबकेल, कारण जागा होईपर्यंत वाट पाहणं हा त्या फंक्शनचा नेहमीचा स्वभाव आहे. दुखणं प्रिंटरचं, पण बंद पडलेलं दिसतं वजन. मग सगळे इंडिकेटरची वायर हलवत बसतात. पोझिक्समध्ये तर हे आणखी लवकर होतं, तिथे साध्या युझरला एका रांगेत १० निरोपांची मर्यादा असते.

उपाय म्हणजे पाठवताना आयपीसी_नोवेट हा फ्लॅग द्यायचा. मग रांग भरलेली असेल तर फंक्शन लगेच परत येतं आणि ईअगेन ही एरर देतं. त्यावर काय करायचं हा धंद्याचा निर्णय आहे. काट्यासाठी सरळ आहे: वजन आधी डेटाबेसमध्ये नोंदवलेलं असावं, स्क्रीनवर ‘छपाई अडली आहे’ असं ठळक दाखवावं आणि पुढची गाडी घ्यावी. पोझिक्समध्ये एमक्यू_टाइम्डसेंड वापरून काही सेकंदच वाट पाहता येते.

मर्यादा वाढवताही येते. एका रांगेतल्या बाइटांची मर्यादा ठरवणारी कर्नलची एमएसजीएमएनबी ही सेटिंग सिससीटीएल कमांडने बदला आणि रीस्टार्टनंतर टिकावी म्हणून /ईटीसी/सिससीटीएल.डी मध्ये फाइल ठेवा. पण नवा आकडा त्यानंतर बनलेल्या रांगांनाच लागतो. आधीची रांग काढून पुन्हा बनवावी लागेल, किंवा एमएसजीसीटीएलच्या आयपीसी_सेटमधून तिची मर्यादा बदलावी लागेल. नुसती मर्यादा वाढवून प्रश्न पुढे ढकलला जातो, ८२ व्या गाडीऐवजी पाचशेव्या गाडीला थबकाल.

पायरी ६: रांगेवर पैसे ठेवू नका

रांग कर्नलच्या मेमरीत असते, डिस्कवर नाही. लाइट गेली आणि इन्व्हर्टरने दगा दिला की सगळे निरोप गेले. दुसरं असं की छपाईच्या प्रोसेसने निरोप काढून घेतला त्या क्षणी तो रांगेतून नाहीसा होतो. ती लगेच क्रॅश झाली तर पावतीही नाही आणि निरोपही नाही, कारण इथे पोच देण्याची सोय नाही. म्हणून खरी नोंद डेटाबेसमध्ये, आणि तिथेच ‘पावती छापली’ असा रकाना. छपाईची प्रोसेस सुरू होताना आधी न छापलेल्या नोंदी उरकेल, मग रांगेकडे वळेल.

पायरी ७: रोजची तपासणी

‘आयपीसीएस -क्यू’ मध्ये निरोपांची संख्या सतत वाढत असेल तर घेणारी प्रोसेस मेली आहे किंवा मंद आहे. ‘आयपीसीएस -क्यू -पी’ शेवटी टाकणाऱ्या आणि शेवटी काढणाऱ्या प्रोसेसचे क्रमांक देते, तर ‘-टी’ त्यांच्या वेळा. काढणारीचा क्रमांक पीएस या कमांडने येणाऱ्या चालू प्रोसेसच्या यादीत सापडला नाही, म्हणजे ती गेली. संख्या शून्य, टाकणारी मात्र जोरात चालू आणि पावती नाही, असं दिसलं तर यादीत आणखी एखादी रांग आहे का पाहा आणि पायरी ३ आठवा. पोझिक्सच्या रांगा या यादीत येत नाहीत. त्या /डेव्ह/एमक्यू या नावाने जोडलेल्या फाइलसिस्टिममध्ये फाइलींसारख्या दिसतात; यातलं ‘एमक्यू’ टाइप करताना ‘एम-क्यू-यू-ई-यू-ई’ अशी सहा अक्षरं. तिथली फाइल कॅट कमांडने वाचली की साठलेले बाइट कळतात.

रांग आपोआप नाहीशी होत असेल, तर सिस्टिमडीच्या लॉगइनडीकडे, म्हणजे लॉगइन-लॉगआउट सांभाळणाऱ्या सेवेकडे, बोट दाखवा. त्यात रिमूव्हआयपीसी नावाची सेटिंग आहे आणि बऱ्याच डिस्ट्रोमध्ये ती चालू असते. साधा युझर पूर्ण लॉगआउट झाला की त्याच्या मालकीच्या रांगा ती झाडून काढते. ऑपरेटर संध्याकाळी लॉगआउट करून घरी जातो, मागे चालू ठेवलेल्या प्रोसेसला ईआयडीआरएम (‘रांग काढली गेली’) ही एरर येते, आणि सकाळी कोणालाच काही कळत नाही. अशा प्रोसेस सिस्टिम युझरच्या (माणसासाठी नव्हे, सेवेसाठी बनवलेल्या खात्याच्या) नावाने सर्व्हिस म्हणून चालवा. सिस्टिम युझर आणि रूट यांना हा नियम लागू नाही. डॉकरने प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवत असाल तर प्रत्येक कंटेनरचं आयपीसी नेमस्पेस, म्हणजे रांगांचं आवार, वेगळं असतं, एकातली रांग दुसऱ्याला मुळात दिसत नाही.

पायरी ८: काढायची कोणी आणि कधी

बनवणं आणि काढणं एकाच प्रोसेसकडे ठेवा. बाकीच्यांनी आयपीसी_क्रिएट (रोमनमध्ये शेवटचं ‘ई’ नाही) न देता रांग नुसती उघडायची. नसेल तर एरर लिहून थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. काढण्याचा हक्क रांगेचा मालक, ती बनवणारा युझर आणि रूट यांनाच असतो.

अपडेटसाठी सगळं बंद करताना क्रम पाळा. आधी वजनाची प्रोसेस थांबवा. मग निरोपांची संख्या शून्यावर येईपर्यंत छपाई चालू द्या. नंतर छपाईची प्रोसेस बंद करा, आणि रांगेची रचना किंवा मर्यादा बदलायची असेल तरच आयपीसीआरएम चालवा. नुसता प्रोग्राम बदलायचा असेल तर रिकामी रांग राहिली तरी चालते.