मतदान चाचणीचा आकडा कसा वाचावा

1 जून 2024 च्या संध्याकाळी बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेच्या पलीकडे नेऊन बसवले आणि तीनच दिवसांनी ती 293 वर थांबली. तेव्हापासून चाचणीचा विषय निघाला की आमच्या पडवीत कोणीतरी ‘सगळे विकलेले’ असा निकाल देऊन मोकळा होतो. संशय रास्त आहे, पण तो नेमका कशावर घ्यायचा हे ठरवावे लागते.

प्रथम जागांचा आकडा बाजूला ठेवून मतांची टक्केवारी शोधावी. त्याच लोकसभेला महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याचेही अंतर नव्हते, तरी जागा महाविकास आघाडीला 30 आणि महायुतीला 17 अशा पडल्या. टक्केवारी बरोबर येऊनही जागा साफ चुकू शकतात, आणि वाहिनी नेमकी टक्केवारीच गाळते.

मग नमुना, म्हणजे किती जणांना विचारले ते, पाहावा. यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, निवडलेल्या हजार जणांमागे सुमारे तीन टक्के इकडेतिकडे होतेच. राज्यभरचे उत्तरदाते 48 मतदारसंघांत वाटल्यावर रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या वाट्याला दोनशे आले, तर ही चूक सातच्या घरात जाते. 2014 मध्ये रायगडात अनंत गीते अवघ्या 2,110 मतांनी निवडून आले होते. अशा लढतीत ‘अमुक जागा तमुकाची’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

कोणाला विचारले, हा प्रश्न कोकणात अधिकच बोचरा आहे. 2024 चे इथले मतदान 7 मे रोजी, म्हणजे ऐन आंब्याच्या हंगामात झाले. अशा दिवसांत सकाळी अकराला वाडीत शिरणाऱ्या सर्वेक्षकाला कर्ती माणसे कलमांच्या बागेत उतरणीला गेलेली आढळतात, काही होडीवर असतात, आणि ज्यांची नावे गावच्या यादीत आहेत असे कितीतरी चाकरमानी मतदानापुरतेच मुंबईहून येतात. खळ्यात भेटतात त्या आजी. त्या अनोळखी माणसाला पाणी देतात आणि ‘अजून काय ठरवूक नाय’ म्हणतात. हे उत्तर कोणत्या रकान्यात गेले, ते चाचणीवाल्याने सांगितले पाहिजे.

माध्यमांचा कल तपासायला एक वही पुरते. पंधरा दिवस दोन वर्तमानपत्रांतली क्रियापदे टिपावीत: कोणाचा नेता ‘स्पष्ट करतो’, कोणाचा ‘दावा करतो’, कोण ‘टोला लगावतो’ आणि कोणाचा ‘कांगावा’ ठरतो. तोच मजकूर शब्दशः दोन ठिकाणी, निराळ्या वार्ताहरांच्या नावाने छापून आला, तर पेड न्यूजची, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या प्रचाराची, शंका घ्यावी आणि तारखेसह कात्रण जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे द्यावे.

शेवटच्या टप्प्याचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत मतदानोत्तर अंदाज प्रसिद्ध करण्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 126 अ नुसार बंदी आहे. त्याआधी व्हॉट्सॲपवर आलेला ‘एक्झिट पोल’ खोटा तरी असतो किंवा बेकायदा तरी. तो पुढे पाठवू नये, मग पाठवणारा सख्खा मेहुणा का असेना.