पूर ओसरताना गांडुळावर सी ट्राउट कसा धरावा

कोकणात पहिल्या पावसाबरोबर चढणीचे मासे वर येतात, तसाच ब्रिटनच्या नद्यांत पुराबरोबर सी ट्राउट समुद्रातून वर चढतो. वेल्समध्ये याला स्यूइन म्हणतात. तिथली टोवी नदी मोठ्या स्यूइनसाठी नावाजलेली. जात साध्या तपकिरी ट्राउटचीच. एवढंच की हा समुद्रात खाऊन-पिऊन, चंदेरी होऊन परततो. स्वच्छ पाण्यात तो दिवसा भलताच बुजरा असतो, म्हणून जाणकार त्याला रात्री माशीवर (पिसं-दोऱ्याची नकली माशी) धरतात. दिवसाउजेडी गांडुळावर मिळायचा तर पूर ओसरतानाच.

आधी कागद. इंग्लंड-वेल्समध्ये तेराव्या वर्षापासून परवाना लागतो, आणि साधा ट्राउटचा चालत नाही. सॅमन व सी ट्राउटचा वेगळा काढावा लागतो. शिवाय नदीच्या त्या पट्ट्याच्या मालकाची किंवा क्लबची परवानगी हवी. स्कॉटलंडमध्ये सरकारी परवाना नाही, पण मालकाची परवानगी लागतेच, आणि रविवारी सॅमन किंवा सी ट्राउट धरायला बंदी आहे. गांडूळ चालतं का, कोणत्या तारखांत, किती मासे ठेवता येतात, हे नदीगणिक बदलतं. परवानगीपत्राची मागची बाजू वाचल्याशिवाय गांडुळं गोळा करायला जाऊ नका.

गांडुळं

लॉनवरची बोटाएवढी जाड, दहा-पंधरा सेंटिमीटरची गांडुळं उत्तम. पावसानंतर रात्री ती अर्धी बाहेर येऊन पडतात. लाल उजेडाची बॅटरी घ्या, पाय हलके टाका, बिळाजवळ पकडून ताण धरून ठेवा. झटका दिलात तर हातात अर्धंच येईल. ताजी गांडुळं मऊ असतात, फेकताना तुटतात. म्हणून ओलसर शेवाळात, थंड जागी चार-पाच दिवस ठेवा. पोटातली माती निघून जाते आणि कातडी चिवट होते. रोज डबा उघडून मेलेली काढा. एक कुजलं की डबाभर वास सुटतो.

बांधणी

अकरा-बारा फुटांची काठी, साधं फिक्स्ड स्पूल रीळ, आठ पौंडी (तेवढा ताण सोसणारा) दोरा. दोऱ्याच्या टोकाला स्विव्हल (पीळ पडू न देणारी फिरती कडी), त्याला सहा पौंडी दोऱ्याचा 45 सेंटिमीटरचा तुकडा आणि 6 किंवा 8 नंबरचा गळ (नंबर मोठा तितका गळ लहान). गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. वेल्समध्ये तसा नियमच आहे. काटा नसला की गांडूळ घसरतं, त्यावर उपाय सोपा: रबरबँडचा मुगाएवढा तुकडा गळाच्या टोकावरून आत सरकवा.

वजनाला सगळे शिसंच म्हणतात, पण या कामाच्या छोट्या शिशाच्या वजनांवर इंग्लंड-वेल्समध्ये 1987 पासून बंदी आहे, कारण ते गिळून हंस मरत. दुकानात टंगस्टनचे किंवा तत्सम गोळे मिळतात. स्विव्हलच्याच कडीला तीन पौंडी दोऱ्याची दहा सेंटिमीटरची शेपटी बांधा आणि तिच्यावर 0.8 ग्रॅमचे दोन-तीन गोळे दाबून बसवा. टोकाला गाठ मारू नका. दगडात अडकलं तर गोळे सटकतात, गळ वाचतो.

गांडूळ डोक्याकडून एक तृतीयांश अंतरावर ओवा, गळाच्या दांड्यावर दोनेक सेंटिमीटर चढवा आणि शेपूट मोकळं सोडा. गोळा करून टोचलेलं गांडूळ पाण्यात भिंगरीसारखं फिरतं आणि दोऱ्याला पीळ पडतो.

पाणी

निम्मं यश इथेच आहे. दुधाच्या चहासारखं पाणी असेल तर घरी परत जा. कोऱ्या चहाचा रंग आला, गुडघाभर पाण्यात बुटाचं टोक अंधुक दिसू लागलं, की वेळ झाली. काठावर पाण्याच्या रेषेला एक दगड ठेवा. अर्ध्या तासाने तो कोरडा उभा असेल तर पाणी उतरतंय. चढत्या पाण्यात पालापाचोळा गळावर बसतो आणि हाती काही लागत नाही.

भरल्या नदीत मासा मध्यभागी धारेशी झगडत नाही. काठालगतच्या संथ पाण्यात, डोहाच्या शेपटाला, म्हणजे डोह संपतो तिथे, थांबतो. त्यामुळे काठापासून दोन पावलं मागे उभे राहा आणि पहिला गळ पायाजवळच टाका. थेट पाण्यात उतरणारे तिथला मासा स्वतःच हाकलतात.

गळ थोडा वरच्या अंगाला टाका, काठीचं टोक उंच आणि दोरा जेमतेम ताणलेला ठेवा. वजनाने दर मीटर-दोन मीटरला तळाला टक् करावं. जागीच बसलं तर एक गोळा कमी करा, तळ लागतच नसेल तर एक वाढवा. गळ वाहत आपल्या काठाशी आला की लगेच गुंडाळू नका. वीसेक सेकंद तिथेच राहू द्या, बरेच मासे तेव्हाच धरतात. मग दोन पावलं खाली सरका.

दगडाची टक् एकटी आणि निर्जीव लागते. सी ट्राउट दोनदा चटचट खेचतो. सारखी टुकटुक होत राहिली तर ते चिल्लर ट्राउट किंवा सॅमनची पिल्लं, जागा बदला. सावकाश, जड ओढ म्हणजे बहुधा ईल (सापासारखा लांब मासा), तो सोडूनच द्यायचा.

खेच लागली की काठी किंचित खाली करा, दोन अंक मोजा आणि काठी बाजूला उचला. मासा गिळेपर्यंत थांबा, हा जुना सल्ला वाईट आहे. गळ घशात गेला की सोडलेला मासाही बहुतेकदा मरतो. गेलाच तर ओढू नका, दोरा तोंडापाशी कापा.

याचं तोंड मऊ असतं. रिळाचा ब्रेक सैल ठेवा. त्याने उडी मारली की काठी झुकवा, नाहीतर गळ फाडून जाईल. जाळी बिनगाठीची घ्या आणि मासा पाण्यातच ठेवून ओळख पटवा. सी ट्राउटचा जबडा डोळ्याच्या मागपर्यंत जातो, शेपटीचा देठ जाड आणि शेपूट जवळपास सरळ कापल्यासारखं असतं. सॅमनची शेपूट खाचदार, देठ बारीक. तो हाताने शेपटीला धरून उचलता येतो, सी ट्राउट निसटतो. सॅमनचे नियम कडक आहेत, त्यामुळे शंका असेल तर सोडा.

सोडताना हात ओले करा, तोंड धारेकडे करून मासा दोन्ही हातांत सरळ धरा. ढकलू नका, कल्ले नीट चालू लागले की तो आपणच निघून जातो.