टोन घडतो पिकच्या टोकाशी

इलेक्ट्रिक गिटारचा टोन सुधारायचा म्हटलं की नवा वादक आधी पेडल (आवाजाला परिणाम देणारी पायाने चालवायची पेटी) आणि अँपकडे (आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) वळतो. माझ्या अनुभवात बराचसा टोन तार पिकवरून (तार छेडायची छोटी चकती) सुटते त्या क्षणीच ठरलेला असतो. पुढची यंत्रणा तोच आवाज रंगवते आणि मोठा करते. म्हणून काम सुरू करायचं ते पिक धरणाऱ्या हातापासून.

सरावाला बसताना गेन (आवाज किती फाटावा हे ठरवणारं अँपचं बटण) अगदी खाली आणा, रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी) बंद ठेवा. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे फाटलेल्या आवाजात, हलका आणि जोरकस स्वर जवळजवळ एकाच पातळीवर ऐकू येतात, त्यामुळे हाताचा असमानपणा झाकला जातो. क्लीन टोनवर तो लगेच कानाला टोचतो.

सर्वांत मोठा फरक मला जाणवला तो पिकच्या खोलीने. टोक तारेच्या खाली खूप गेलं की पिक अडतो, तो सोडवायला मनगट आवळतं आणि स्वर क्षणभर उशिरा फुटतो. एक-दोन मिलिमीटर टोक पुरतं. एकाच तारेवर, मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून, नुसते डाउन आणि अप स्ट्रोक वाजवा आणि फोनवर रेकॉर्ड करा. ऐकताना एकच पाहा: अपस्ट्रोक पातळ पडतोय का? बहुतेकांचा पडतो. तो डाउनइतका भरीव होईपर्यंत वेग वाढवू नका. मग आठ स्ट्रोकमध्ये अगदी हळूपासून जोरात जा आणि परत या. जोर वाढताना बोटांची पकड आवळली जाते का, तेही बघा. पकड पिक निसटणार नाही एवढीच हवी.

पिक तारेला समांतर असेल तर स्वराची सुरुवात ठसठशीत होते. थोडा तिरका केला की त्याची कड तारेवरून सहज सरकते, आवाज गोलसर होतो आणि वेगही सुकर होतो. मात्र जास्त तिरका केल्यास गुंडाळलेल्या जाड तारांवर खरखर येते.

हात कुठे पडतो, याकडे फार थोडे लक्ष देतात. हा तर फुकटचा टोन कंट्रोल आहे! तार ज्या बिंदूवर छेडतो, तिथे ज्या उपस्वरांचा (मूळ स्वरासोबत तारेतून उमटणारे वरचे स्वर) स्थिर बिंदू असतो ते उपस्वर उमटतच नाहीत. मोकळी तार बरोबर मध्यावर, म्हणजे १२व्या फ्रेटवर छेडली, तर सम क्रमांकाचे उपस्वर गळतात आणि आवाज पोकळ, बासरीसारखा येतो. ब्रिजकडे (गिटारच्या धडावर तारा जिथे टेकतात तो भाग) सरकलं की वरचे उपस्वर ठळक होतात आणि आवाज धारदार होतो. एकच ओळ नेकजवळ (गिटारच्या मानेजवळ), मधोमध आणि ब्रिजजवळ वाजवून पाहा.

जोराला मर्यादा आहे. तार जास्त ताणली गेली की स्वर सुरुवातीला किंचित चढतो आणि मग खाली येतो. कमी ताणाच्या, ढिल्या तारांवर हे जास्त कळतं. सुरात लावलेली गिटार बेसूर वाटत असेल, तर आधी हात हलका करा.

पिकच्या निवडीत मी फार अडकत नाही. ०.७३ ते १ मिलिमीटरमधला कुठलाही घ्या आणि काही आठवडे तोच वापरा. पातळ पिक वाकतो, म्हणून कॉर्डना छान. एकेका स्वराला जाड पिक नेमका लागतो. ‘क्वीन’ बँडचे गिटारवादक ब्रायन मे पिकऐवजी धातूचं सिक्सपेन्सचं (जुनं ब्रिटिश) नाणं वापरतात आणि तो आवाज त्यांची ओळख आहे, पण ती ओळख त्यांच्या हाताने दिलेली आहे.

हात समान पडू लागला की गेन हळूहळू चढवा आणि हलका स्ट्रोक स्वच्छ, जोरकस स्ट्रोक किंचित फाटलेला येईल तिथे थांबा. पुढचा सराव इथेच करावा, कारण इथे अँप तुमच्या प्रत्येक स्ट्रोकला वेगळं उत्तर देतो.