एनबीए ट्रेडचे अंदाज बांधताय? या चुका टाळा

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमध्ये ट्रेडची, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची, कुजबुज सुरू झाली की आपण आधी नावं जुळवायला बसतो. हा तिकडे, तो इकडे आणि उरलेला तिसऱ्या टीमच्या गळ्यात. खरं तर विचार त्या तिसऱ्या टीमपासूनच सुरू करायला हवा. तिच्यावाचून सौदा का अडलाय आणि ती कशाच्या बदल्यात मदत करतेय?

सगळ्यात जास्त अंदाज पगारावर आपटतात. २०२४ मध्ये कार्ल-अँथनी टाउन्स मिनेसोटाहून न्यूयॉर्क निक्सकडे गेला, तो सौदा बघा. टाउन्सचा पगार सुमारे ४ कोटी ९२ लाख डॉलर. निक्सने दिलेल्या ज्युलियस रँडल, डाँटे डिव्हिन्चेन्झो आणि कीटा बेट्स-डिऑप या तिघांचा मिळून सुमारे ४ कोटी ३० लाख. टीमचा पगारखर्च 'फर्स्ट एप्रन'च्या, म्हणजे लीगने आखलेल्या एका खर्चमर्यादेच्या, वर राहणार असेल, तर जेवढा पगार बाहेर जातो त्याहून जास्त आत घेता येत नाही. मग निक्सने आपल्याच तीन जुन्या, करार संपलेल्या खेळाडूंना नव्याने करारबद्ध केलं आणि थेट शार्लट हॉर्नेट्सकडे पाठवून तफावत भरून काढली. असे खेळाडू घेणं मिनेसोटाला नियमानं शक्य नव्हतं, शार्लटला होतं. मोबदल्यात शार्लटला सेकंड राउंड पिक्स मिळाले, म्हणजे ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) दुसऱ्या फेरीत खेळाडू निवडायचे हक्क. चाहत्यांच्या कुठल्याही यादीत ती तीन नावं आली नसती, पण सौदा त्यांच्यावरच तरला.

'सेकंड एप्रन' ही त्याहून वरची मर्यादा ओलांडलेल्या टीमचं तर आणखी कठीण. तिला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा स्टार आणता येत नाही. त्यामुळे 'दोन बरे देऊन एक भारी घेऊ' हे गणित तिथे चालतच नाही.

पिक्सही वाटेल तसे वाटू नका. पुढच्या सलग दोन वर्षांत फर्स्ट राउंडचा एकही पिक हातात नाही, अशी वेळ टीमला स्वतःवर आणता येत नाही. हा स्टेपियन नियम.

खेळाडूची इच्छा म्हणजे निर्णय नव्हे. २०२३ च्या उन्हाळ्यात डेमियन लिलार्डला मायामीच हवं होतं. तो गेला मिल्वॉकीला, फिनिक्सला मध्ये घेऊन झालेल्या तीन टीमच्या सौद्यात. नो-ट्रेड क्लॉज, म्हणजे संमतीशिवाय ट्रेड करता येणार नाही अशी करारातली अट, असलेले खेळाडू मोजकेच. बाकीच्या बहुतेकांना नकाराधिकार नसतो.

बातमी आली म्हणजे सौदा झाला, असंही धरू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये मार्क विल्यम्स लेकर्सकडे गेल्याचं जाहीर झालं, पण वैद्यकीय तपासणीनंतर सौदाच रद्द झाला. आणि पहिल्या बातमीवर कोण जिंकलं, कोण फसलं हे ठरवायची घाई तर नकोच. २२ जून २०२५ ला केव्हिन ड्युरंटची बातमी फुटली तेव्हा फिनिक्स आणि ह्यूस्टन या दोनच टीम होत्या. ६ जुलैला सौदा अधिकृत झाला तोवर इतर व्यवहार त्यात गुंफले गेले होते आणि टीम झाल्या होत्या सात.