अमेरिकी कादंबरी राजकारणासकट कशी वाचावी

अमळनेरच्या आमच्या वाचनगटात नवीन कुणी आलं की मी सांगते: आधी कादंबरीचं साल बघा, मग त्याच्या आगेमागे कोणता कायदा झाला ते शोधा. अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’ घ्या, १९०६ ची. शिकागोच्या कत्तलखान्यांतले स्थलांतरित मजूर. बुरशी आलेल्या सॉसेजला बोरॅक्स-ग्लिसरीन ही रसायनं लावून ते पुन्हा विकतात, ते पान मोठ्याने वाचा. लोक खवळले, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी चौकशी लावली, त्याच वर्षी ३० जूनला मांस तपासणीचा कायदा झाला. पण मजुरांच्या पदरात काय पडलं? फारसं काही नाही. इथे थांबाच. रावेरला केळीचे घड ट्रकमध्ये चढवणारे, जिनिंगमध्ये कापसाची धूळ खाणारे आपल्याच घरातले आहेत. त्यांना वाचायला बोलवा. पुढे हॅरिएट बीचर स्टोवची गुलामगिरीवरची ‘अंकल टॉम्स केबिन’, १८५२ ची. त्याआधी पळालेल्या गुलामांना धरून परत देण्याचा १८५० चा कायदा वाचून या.