लॅपटॉपची साइज निवडताना या चुका टाळा : एमए, एमएस्सी, एमकॉम, एमटेकला जाणाऱ्यांसाठी

पदव्युत्तर प्रवेशाच्या याद्या लागल्या की सांगली-साताऱ्याच्या दुकानांत एकच प्रश्न सुरू होतो : चौदा घेऊ का पंधरा पॉइंट सहा? आणि दरवर्षी बहुतेक घरांत निर्णयही एकाच पद्धतीने होतो. ‘एवढे पैसे घालतोय तर मोठाच घेऊ.’ टीव्ही घेताना हा हिशेब बरोबर आहे, कारण टीव्ही भिंतीवरून हलत नाही. लॅपटॉप मात्र चार सेमिस्टर पाठीवर फिरणार असतो, म्हणून साइज ठरवताना तो रोज कुठून कुठे जाणार हा पहिला प्रश्न. प्रोसेसर, रॅम, ऑफर हे सगळं त्यानंतर.

सर्वांत महाग पडणारी चूक : वजन न करता घेणे

तासगाव तालुक्यातली एक विद्यार्थिनी सांगलीत संख्याशास्त्रात एमएस्सी करत होती. रोज एसटीने ये-जा, गावातून तासगाव आणि तिथून दुसरी गाडी. घरच्यांनी हौसेने १५.६ इंची गेमिंग लॅपटॉप घेऊन दिला. ‘पुढे उपयोगी पडेल’ हे कारण होतं. लॅपटॉप २.४ किलो, अडॅप्टर वायरसकट पाऊण किलोच्या आसपास. म्हणजे सव्वातीन किलोच्या जवळ, आणि त्यावर डबा, पाण्याची बाटली, दोन लाँगबुक. सकाळच्या गाडीत बसायला जागा नाही, सॅक पोटाशी धरून उभं राहायचं. महिनाभर तिने नेला. मग आठवड्यातून दोनदा. दिवाळीनंतर लॅपटॉप घरी टेबलावरच राहिला.

खरं नुकसान इथून सुरू झालं. कॉलेजात लॅबच्या संगणकावर आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये काम, रात्री घरी लॅपटॉपवर काम, आणि मधे पेनड्राइव्ह. प्रोजेक्टच्या डेटाच्या दोन प्रती झाल्या. एका शनिवारी घरच्या जुन्या फाइलने लॅबमधली नवी फाइल पुसली आणि दुरुस्त केलेल्या तीन आठवड्यांच्या नोंदी गेल्या. कागदी फॉर्म जपून ठेवले होते म्हणून सगळं पुन्हा भरता आलं. काही हजार ओळींच्या डेटासाठी गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. आर सगळा डेटा रॅममध्ये घेऊन काम करतं, तेव्हा रॅम आणि प्रोसेसर महत्त्वाचे. शेवटी तो लॅपटॉप इंजिनिअरिंगला असलेल्या भावाकडे गेला आणि तिच्यासाठी वापरलेला १४ इंची ऑफिस लॅपटॉप घेऊन त्यात १६ जीबी रॅम बसवली. तो रोज सॅकमध्ये जायचा. फाइलची एकच प्रत राहिली.

असं होऊ नये म्हणून खरेदीच्या आधी दोन दिवस एक गोष्ट करा. रोजची सॅक भरा : डबा, लिटरची भरलेली बाटली, वह्या, छत्री. ओळखीच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ती ठेवून वजन बघा. मग त्यात आवडलेल्या लॅपटॉपच्या आणि चार्जरच्या वजनाइतके तांदूळ पिशवीत बांधून टाका. गेमिंग मॉडेल असेल तर तीन किलो धरा, १४ इंची साधं मॉडेल असेल तर १.४ किलो लॅपटॉप आणि पाव किलो चार्जर. हे घेऊन आपल्या खऱ्या गाडीने खऱ्या वेळेला जाऊन या. एवढ्यासाठी दोन दिवस थांबायचा कंटाळा करणारेच सहा महिन्यांनी ‘विकायचा आहे’ म्हणून फोटो टाकताना दिसतात. सेलची मुदत संपते, पण सेल पुन्हा येतो.

दुकानदाराला वजन विचारताना चार्जर धरून विचारा. माहितीपत्रकात चार्जरचं वजन सहसा नसतं. १८० ते २४० वॉटचा अडॅप्टर विटेसारखा असतो, ६५ वॉटचा युएसबी-सी चार्जर मुठीत मावतो.

इंच म्हणजे उंची नव्हे

ही दुसरी चूक शिकलेली माणसंही करतात. इंच हे पडद्याच्या तिरक्या रेषेचं माप आहे. वाचायला आणि लिहायला उपयोगी पडते ती उंची, कारण शोधनिबंध वरून खाली वाचला जातो. आता आकडे बघा. जुन्या धाटणीचा, १६ : ९ प्रमाणाचा १५.६ इंची पडदा ३४.५ सेंमी रुंद आणि १९.४ सेंमी उंच असतो. १६ : १० प्रमाणाचा १४ इंची पडदा ३०.१ सेंमी रुंद आणि १८.८ सेंमी उंच. उंचीतला फरक जेमतेम अर्धा सेंटिमीटर, बोटाच्या नखाएवढासुद्धा नाही. जास्तीचे चार सेंटिमीटर सगळे रुंदीत जातात, आणि वर्डमध्ये ए-फोर पान उघडलं की ते दोन्ही बाजूंना करड्या पट्ट्या होऊन पडून राहतात.

म्हणून माहितीपत्रकात इंचांच्या आधी रिझोल्यूशन वाचा. १९२० × १२०० लिहिलं असेल तर पडदा १६ : १० आहे, १९२० × १०८० असेल तर १६ : ९. १४ इंचात १०८० घेतलात तर उंची १७.४ सेंमीवर येते, आणि तो फरक वाचताना जाणवतो. १३६६ × ७६८ चा पडदा अजूनही स्वस्त आणि जुन्या मशीनमध्ये भेटतो. प्रबंधाच्या कामाला तो घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

इथे एक अडचण हमखास येते. नवा १४ इंची लॅपटॉप सुरू केला की सगळं मोठं मोठं दिसतं, एक्सेलमध्ये रकाने मावत नाहीत, आणि मुलं दुसऱ्या दिवशी ‘लहान पडतोय’ म्हणून दुकानात परत येतात. पडद्याचा दोष नसतो. विंडोजने स्केल १५० टक्के ठेवलेलं असतं, त्यामुळे १९२० × १२०० च्या पडद्यावर १२८० × ८०० इतक्याच जागेचा मजकूर मावतो. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, स्केल असं जाऊन १२५ टक्के करा. जागा १५३६ × ९६० होते. १५.६ इंची १०८० पडद्यावर १२५ टक्क्यांना १५३६ × ८६४ मिळते. म्हणजे छोट्या पडद्यावर उलट जास्त ओळी मावतात, अक्षर तेवढं किंचित बारीक होतं.

बारीक अक्षराचा प्रश्न मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खरा आहे, तो उडवून लावू नये. मराठी, इतिहास, समाजशास्त्र या विषयांत प्रबंध देवनागरीत लिहायचा असतो, आणि रफार, अनुस्वार, जोडाक्षरं इंग्रजी अक्षरांपेक्षा आधी अंधूक होतात. दुकानात वर्ड उघडून युनिकोडमध्ये ११ पॉइंटला ‘तत्व’ आणि ‘तत्त्व’ हे दोन शब्द शेजारी टाइप करा. झूम १०० टक्के ठेवा, डोळे पडद्यापासून दोन फुटांवर. पुढे न वाकता कोणत्या शब्दात त ला त जोडला आहे हे ओळखू आलं पाहिजे. नाही आलं तर स्केल १५० करून बघा. तिथे दिसतं पण काम करायला जागा पुरत नाही असं वाटलं, तर तुमच्या डोळ्यांना १६ इंचच हवा, मग वजन सोसा किंवा खोलीवर मॉनिटर ठेवा. चष्म्याचा नंबर वर्षभरात तपासला नसेल तर आधी तो तपासा. डोळ्यांचं काम पडद्यावर ढकलून पैसे वाया जातात.

मोठा कोणी घ्यावा

१४ इंच सगळ्यांना लावू नका. कराडच्या किंवा सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एमटेकला आहात, हॉस्टेलवर राहता, वर्ग पाच मिनिटांवर आहे आणि रोज कॅड किंवा स्ट्रक्चरल अॅनालिसिस चालतं, तर १६ इंच योग्य. ड्रॉइंगच्या खिडकीशेजारी टूलबारला रुंदी लागते, आणि मोठ्या बॉडीत हवा खेळती राहिल्यामुळे लांबलेल्या कामात मशीनचा वेग सहसा कमी पडत नाही. जीआयएस, व्हिडिओ, वास्तुरचना यांनाही हेच. पण कोरेगावहून साताऱ्याला किंवा मिरजेहून कोल्हापूरला विद्यापीठात रोज ये-जा असेल, तर कॅडवाल्यांनीही विभागाच्या लॅबमधली मशीन किती वाजेपर्यंत मिळतात ते आधी विचारावं. जड काम लॅबमध्ये आणि हलका लॅपटॉप सॅकमध्ये ही जोडी पुष्कळांना पुरते.

माझा आग्रह बहुतेकांसाठी असा : १४ इंच, १६ : १०, १.५ किलोच्या आत, आणि खोलीवर २२ ते २४ इंची मॉनिटर. मॉनिटर नवाच हवा असं नाही, वापरलेला चालतो. लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट आहे का ते बघा. नसेल तर युएसबी-सी मधून व्हिडिओ बाहेर जातो का हे लेखी विचारा, कारण नुसतं चार्जिंग करणारं युएसबी-सीही असतं आणि दोन्ही दिसायला सारखीच.

उलट टोकाची चूकही होते. १३ इंची लॅपटॉप घेऊन, मॉनिटर न घेता, त्यावरच दीडशे पानांचा प्रबंध मान वाकवून लिहायचा. दुसऱ्या महिन्यात मान आणि खांदा धरतो. मॉनिटर परवडत नसेल तर लॅपटॉपखाली पुस्तकं रचून तो दहा-बारा सेंटिमीटर उचला आणि वेगळा कीबोर्ड-माउस लावा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे. कीबोर्ड वेगळा न लावता नुसता लॅपटॉप उचललात तर मनगटं दुखतात, ते करू नका.

टॅबलेट आणि कीबोर्ड-कव्हर घेऊन भागवू म्हणणाऱ्यांसाठी : संख्याशास्त्राचं एसपीएसएस, नकाशांचं आर्कजीआयएस प्रो, डिझाइनचं सॉलिडवर्क्स ही सॉफ्टवेअर अँड्रॉइड टॅबलेटवर किंवा आयपॅडवर चालत नाहीत. वाचनाला टॅबलेट उत्तम, पण तो दुसरं यंत्र म्हणून.

मॅकबुक आवडत असेल तर आपल्या विभागातलं सॉफ्टवेअर आधी विचारा. एसपीएसएस आणि आर मॅकवर चालतात, आर्कजीआयएस प्रो आणि सॉलिडवर्क्स फक्त विंडोजसाठी आहेत.

बिजागरी

मोठ्या आणि स्वस्त लॅपटॉपची बिजागरी आधी जाते, आणि त्याचं कारण साइजमध्ये आहे. आत बिजागरीचे स्क्रू पितळेच्या बारीक नळ्यांमध्ये बसतात आणि त्या नळ्या प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या असतात. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडलं की ते पिळतं, सगळा जोर एकाच बाजूच्या नळीवर येतो. झाकण जितकं रुंद तितका पीळ जास्त. आधी ‘कट’ असा बारीक आवाज येतो, मग झाकण बंद करताना खालच्या कडेची फट उघडते. फट दिसली की वापर थांबवा आणि तिथेच दुरुस्तीला द्या. या टप्प्यावर कवच बदलून भागतं. ‘चाललंय तोवर चालू दे’ म्हटलं तर बिजागरीतून जाणारी पडद्याची वायर तुटते आणि खर्च पडद्यापर्यंत जातो. झाकण कायम मधोमध धरून उघडा. गच्च भरलेली सॅक एसटीच्या सीटखाली कोंबू नका, मांडीवर घ्या.

लहान चुका, पण रोजच्या

‘१५.६’ लिहिलेल्या सॅकमध्ये १६ इंची लॅपटॉप बऱ्याचदा जात नाही, कारण १६ : १० मुळे तो खोलीला जास्त असतो. माहितीपत्रकातली लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये घ्या, त्या मापाचा पुठ्ठा कापा आणि तो सॅकच्या कप्प्यात घालून चेन लावून बघा. तोच पुठ्ठा वर्गातल्या खुर्चीला जोडलेल्या लिहायच्या फळीवरही ठेवून बघा. ३६ × २६ सेंमीचा पुठ्ठा फळीबाहेर लोंबत असेल तर लॅपटॉपही लोंबणार.

नंबर पॅड हवा म्हणून १५.६ घेऊ नका. त्याच्यामुळे टायपिंगची जागा डावीकडे सरकते आणि तासनतास लिहिताना अंग तिरकं राहतं. एमकॉमवाल्यांना आकडे भरायचे असतील तर युएसबीचा सुटा नंबर पॅड मिळतो.

१४ इंचात फोर-के पडदा नको. डोळ्यांना फरक थोडा, बॅटरीला बराच.

पडद्याचा उजेड २५० निट असेल तर खोलीत चालतो, खिडकीशी उन्हाळ्यात नाही. ३०० च्या वर बघा.

बॅटरीचे तास जाहिरातीत वाचू नका, वॉट-अवर वाचा. साधा लॅपटॉप लिहिताना-वाचताना सात वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे ४२ वॉट-अवरची बॅटरी कागदावर सहा तास, प्रत्यक्षात पाच धरा. गेमिंग मशीन तेच काम करताना १५-२० वॉट खातं, त्यामुळे बॅटरी मोठी असूनही दुपारी प्लग शोधावा लागतो. आणि वाचनालयात प्लगजवळची खुर्ची दुपारी रिकामी मिळत नाही.

पातळ मॉडेलमध्ये रॅम बऱ्याचदा बोर्डलाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ८ जीबी घेऊन ‘मग टाकू’ म्हणण्याआधी मोकळा स्लॉट आहे का ते विचारा. नसेल तर आत्ताच १६ घ्या.

शेवटची विचारणा वॉरंटीची. ऑनसाइट म्हणजे घरी येऊन दुरुस्ती, पण ती तुमच्या गावच्या पिनकोडला मिळते का हे कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून, मॉडेल नंबर सांगून विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. जत, आटपाडी, पाटण, महाबळेश्वर भागातल्यांनी तर बिल करण्याआधी हा फोन लावाच. पिनकोड बसत नसेल तर दुरुस्तीला कोल्हापूर किंवा पुणे गाठावं लागू शकतं, आणि हे बहुतेकांना कळतं ते सबमिशनच्या आठवड्यात.