हेटॉर ते हाउंड टॉर : डार्टमूरवर पहिल्यांदा जाताय तर

इंग्लंडात डेव्हनच्या बाजूला कुणी राहत असेल किंवा सुट्टीला येणार असेल तर डार्टमूरवरचा हा ट्रेक नक्की करा. टॉर म्हणजे टेकडीच्या माथ्यावर उघडा पडलेला ग्रॅनाइटचा कातळ. हेटॉर फक्त 457 मीटर आहे, सह्याद्रीत फिरलेल्यांना चढ किरकोळ वाटेल, पण इथे चढापेक्षा वाट आणि हवा सांभाळायची असते.

बोव्ही ट्रेसीहून वाइडकमकडे जाणाऱ्या रस्त्यावर खालच्या कारपार्कला गाडी लावा, तिथून कातळ समोरच दिसतो, वीसेक मिनिटांत वर. वर पोचलात की आधी दगडावर हात फिरवून बघा, आपल्या बेसॉल्टसारखा नाही, खरखरीत, बोटाच्या पेराएवढे पांढरे फेल्डस्पार या खनिजाचे खडे वर आलेले असतात. कोरडा असला की बूट मस्त पकडतो, ओला असला तर वरचे शेवटचे टप्पे सोडून द्या, उतरताना पाय कुठे टाकायचा ते दिसत नाही. आकाश स्वच्छ असेल तर टीन (Teign) नदीच्या मुखाशी समुद्र दिसतो.

मग उत्तरेच्या अंगाने खाणींकडे उतरा. तिथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे, 1820 ची ट्रॅमवे, म्हणजे खाणीतला दगड वाहून नेणारी रूळवाट, रूळ लोखंडाचे नाहीत तर ग्रॅनाइटचेच, आतली कड उंच ठेवून चाकासाठी खाच कोरलेली, आणि त्यावरून घोडे गाड्या ओढायचे. 1831 च्या लंडन ब्रिजला इथला दगड गेलाय. त्या खाचेत बोट घालून बघा, चाकांनी झिजून गुळगुळीत झालीय.

ही ट्रॅमवे नीट लक्षात ठेवा. गेल्या ऑक्टोबरात आम्ही होल्वेल टॉरजवळ होतो आणि दहा मिनिटांत असं धुकं उतरलं की पुढचा माणूस दिसेना, फोनची बॅटरी थंडीने पटापट उतरत होती, तेव्हा दगडी रूळ धरून आम्ही हळूहळू खाणींपर्यंत परत आलो. म्हणून ओएसचा (ऑर्डनन्स सर्व्हे, ब्रिटनची नकाशे काढणारी संस्था) डार्टमूरचा कागदी ओएल 28 नकाशा आणि होकायंत्र सॅकमध्ये हवंच. हेटॉरच्या आसपास चुकलात तर दक्षिण धरून चला, गाडीरस्ता आडवा येतोच.

हवा चांगली असेल तरच पुढे जा. स्मॉलाकूम रॉक्स या कातळांवरून बेका ब्रुक ओढ्याकडे उतार आहे, मग पलीकडे चढलं की हाउंड टॉरच्या खाली ओसाड पडलेलं मध्ययुगीन गाव लागतं, घरांचे पाये, दारांच्या जागा अजून स्पष्ट कळतात. डबा इथेच खा, भिंतींचा थोडा आडोसा मिळतो. जाऊन-येऊन साधारण 9-10 किमी, चार-पाच तास धरा. डिसेंबरात सव्वाचारलाच सूर्य मावळतो, तेव्हा सकाळी लवकर निघा.

बाकी, पांढरे कापसासारखे तुरे दिसले की तिथे दलदल समजा, वळसा घाला. उन्हाळ्यात ब्रॅकनमधून (उंच वाढणारं नेचं) चालताना फुल पँट घाला, घरी येऊन गुडघ्यामागे, काखेत गोचीड तपासा. इथे मोकळ्या चरणाऱ्या पोनींना (छोट्या घोड्यांना) पोळी-बिस्किट काही देऊ नका, त्या मग खाण्यासाठी रस्त्यावर येतात आणि गाडीखाली जातात. आणि कुणाला लागलंच तर 999 ला (तिथला आणीबाणीचा नंबर) पोलीस मागा, त्यांना माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातली बचाव टीम, हवंय असं सांगा.